विद्यापीठाच्या आवारातलं छोटं सार्वजनिक रेडिओ केंद्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात कुठून करायची? ट्रान्समीटर आधी घ्यायचा की स्टुडिओ आधी बांधायचा?

दोन्ही नंतर. आधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा: केंद्र कोणासाठी आहे आणि रोज किती तास थेट प्रसारण करायचं आहे. बऱ्याच ठिकाणी हे उलट होतं. यंत्रं येतात, फीत कापली जाते आणि तिसऱ्या महिन्यात दिवसभर नुसती गाणी वाजत राहतात.

विद्यापीठाचा परिसर म्हणजे फक्त विद्यार्थी नव्हेत. ग्रंथालयातले कर्मचारी, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करणारे आणि कुंपणापलीकडची वस्तीही त्यात येते. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात, शेजारची वस्ती तिथेच राहते. वर्षानुवर्षं टिकणारा श्रोता बहुधा त्या वस्तीतलाच असतो, म्हणून निदान एक तरी रोजचा कार्यक्रम तिच्यासाठी हवा.

किती माणसं लागतील?

हिशेब सोपा आहे, पण तो कोणी करत नाही. रोज ४ तास थेट प्रसारण म्हणजे आठवड्याला २८ तास. एका तासाच्या बऱ्या कार्यक्रमाला तयारी, पाहुण्यांशी बोलणं आणि संकलन धरून ३ ते ४ तास जातात. अभ्यास सांभाळून आठवड्याला ४-५ तास देणारा स्वयंसेवक एकच तास भरू शकतो. म्हणजे २८ माणसं, शिवाय आजारपण, परीक्षा आणि ‘आज जमत नाही’ यांसाठी चौथा हिस्सा जादा. एकूण ३५. तेवढी नसतील तर थेट तास कमी करा. दोन तास नेटाने चालवणं बरं, चार तासांच्या वेळापत्रकाला भोकं पडू देण्यापेक्षा.

शिवाय कार्यक्रम, तांत्रिक बाजू आणि नोंदी यांना एकेक कायमचा जबाबदार माणूस हवा. निदान तांत्रिक माणूस तरी पगारी असावा. रात्री ट्रान्समीटर बंद पडला की अर्धवेळ स्वयंसेवकाला उठवता येत नाही, आणि उठवूही नये.

परवान्यावरचे वॉट आणि ट्रान्समीटरवरचे वॉट एकच का?

नाही, आणि सगळ्यात महाग चूक इथेच होते. परवान्यावर बहुधा प्रभावी प्रसारित शक्ती लिहिलेली असते. ट्रान्समीटरमधून निघालेली शक्ती, वजा केबल आणि कनेक्टरमधला ऱ्हास, अधिक अँटेनाचा लाभ (शक्ती हव्या त्या दिशेला एकवटल्याने होणारी वाढ), असा तो आकडा निघतो. समजा ट्रान्समीटर ५० वॉटचा, ऱ्हास १ डेसिबल (शक्तीचं प्रमाण मोजण्याचं एकक, ३ डेसिबल म्हणजे सुमारे दुप्पट) आणि अँटेनाचा लाभ ३ डेसिबल. निव्वळ लाभ २ डेसिबल, म्हणून प्रभावी शक्ती सुमारे ७९ वॉट. परवान्याची मर्यादा ५० असेल तर ट्रान्समीटर साधारण ३२ वॉटवर आणावा लागेल. जास्त लाभाची अँटेना बसवून कोणी ‘जुनीच सेटिंग’ ठेवली की नकळत नियमभंग होतो.

अँटेनाचा लाभ कोणत्या मापात सांगितला आहे तेही तपासा. समदिश (सगळ्या दिशांना सारखी शक्ती पाठवणाऱ्या काल्पनिक) अँटेनाच्या तुलनेतला आकडा अर्धतरंग द्विध्रुवाच्या (दोन दांड्यांच्या साध्या अँटेनाच्या) तुलनेतल्या आकड्यापेक्षा २.१५ डेसिबलने मोठा दिसतो. माहितीपत्रकात मोठाच आकडा छापलेला असतो हे सांगायला नको.

आवाज किती लांब पोहोचेल?

एफएम लहरी साधारण दृष्टिरेषेत जातात. दोन्ही टोकांच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं काढून बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा, की रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. अँटेना ३० मीटरवर आणि श्रोत्याचा रेडिओ दीड मीटरवर असेल तर उत्तर सुमारे २८ किलोमीटर येतं. ही फक्त भूमितीची कमाल मर्यादा आहे. कमी शक्तीच्या केंद्राचा आवाज इमारती, झाडी आणि त्याच फ्रिक्वेन्सीवरची दुसरी केंद्रं यांमुळे त्याच्या बराच आधी विरतो.

पैसा शक्तीत घालायचा की उंचीत, असा प्रश्न आला तर जवळजवळ नेहमी उंचीत. शक्ती दुप्पट केली तर ३ डेसिबल मिळतात, ते श्रोत्याच्या कानाला जेमतेम कळतात. तीच अँटेना शेजारच्या उंच इमारतीच्या आडोशातून बाहेर काढली तर पूर्ण वस्ती नव्याने ऐकू लागते. मात्र परवान्यात उंचीही बांधलेली असते, तेव्हा मनोरा परस्पर वाढवू नका.

आणि एक फुकटचा उपाय. स्टिरिओ ऐकताना खरखर मोनोपेक्षा सुमारे २० डेसिबलने वाढते. तुमचं बहुतेक प्रसारण बोलण्याचं असेल तर मोनोत करा. काठावरच्या श्रोत्यांना अचानक स्वच्छ ऐकू येईल.

केबल कोणती घ्यावी?

जाड. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास आरजी-२१३ केबलमध्ये १०० मीटरला साधारण ६.६ डेसिबल जातात, अर्धा इंची फोम केबलमध्ये २.२. मनोऱ्यापर्यंत ४० मीटर केबल लागत असेल, तर १०० वॉटपैकी पहिलीतून वर सुमारे ५५ वॉट पोहोचतात आणि दुसरीतून ८२. ट्रान्समीटरची खोली मनोऱ्याच्या पायथ्याशी असणं याहून उत्तम. ध्वनी लांबवर नेणं, रेडिओ शक्ती लांबवर नेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पहिल्या पावसानंतर परावर्तित शक्ती (अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे परत येणारी) वाढली. काय झालं?

कनेक्टरमध्ये पाणी. दहांत नऊ वेळा हेच. उभ्या तरंगांचं गुणोत्तर (एसडब्ल्यूआर, या परतीच्या शक्तीचं माप) १.५ असेल तर फक्त ४ टक्के शक्ती परत येते, त्याची चिंता नको. २ वर गेलं की ११ टक्के परत येते, आणि त्यापुढे चांगला ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती आपोआप उतरवतो. पाऊस ओसरला की आकडा सुधारतो आणि सगळे विसरून जातात. तोवर केबलच्या जाळीला (आतल्या तारेभोवतीच्या विणलेल्या धातूच्या आवरणाला) आतून गंज चढतो.

बांधताना प्रत्येक बाह्य कनेक्टरवर आधी साध्या टेपचा थर द्या, त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप दुपटीला ताणून गुंडाळा आणि वर उन्हापासून वाचवणारी टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, म्हणजे कौलांसारखा वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पाणी निथळतं. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, नाहीतर पाणी केबलवरून थेट ट्रान्समीटरच्या मागे उतरतं. केबलची जाळी मनोऱ्याच्या माथ्यावर, पायथ्याशी आणि भिंतीतून आत येताना अशी तीन ठिकाणी भूसंपर्कित करा (अर्थिंग द्या).

परावर्तित शक्तीचा आकडा आठवड्यातून एकदा वहीत उतरवा. दोष हळूहळू येतो आणि एकट्या वाचनातून तो दिसत नाही. अँटेना काढलेली असताना ट्रान्समीटर कधीच चालू करू नका. चाचणी डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या, शक्ती पचवणाऱ्या रोधावर) करा. मनोऱ्यावर माणूस चढण्याआधी ट्रान्समीटर बंद करून किल्ली चढणाऱ्याच्याच खिशात द्यायची.

स्टुडिओसाठी रिकामी वर्गखोली मिळते आहे. चालेल?

चालेल, पण आधी दोन वेगळे प्रश्न वेगळे ठेवा. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हा एक आणि खोलीतला घुमारा कमी करणं हा दुसरा. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून पहिला सुटत नाही, दुसराही जेमतेमच. बाहेरचा आवाज अडवायला वजन आणि हवाबंदपणा लागतो: भरीव दार, त्याच्या चारही कडांना रबरी पट्टी, खिडकीला जाड काच. दाराखालची बोटभर फट बाकी सगळ्या खर्चावर पाणी फिरवते.

घुमाऱ्यासाठी खोलीच्या मध्यावर उभं राहून टाळी वाजवा. झर्रकन फडफडल्यासारखा प्रतिध्वनी आला तर समोरासमोरच्या भिंती उघड्या आहेत. १०० मिलिमीटर जाडीचे खनिज लोकरीचे, कापडात गुंडाळलेले फलक समोरासमोरच्या दोहोंपैकी एका भिंतीवर आणि निवेदकाच्या पाठीमागे लावा. फलक आणि भिंत यांत ५०-१०० मिलिमीटर मोकळी जागा ठेवली तर खर्जातला आवाजही जास्त शोषला जातो. पातळ फोम फक्त वरच्या सुरांना खातो. मग खोली मंद वाटते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

खोली निवडताना संध्याकाळी आणि तास सुटण्याच्या वेळीही जाऊन बसा. वरच्या मजल्यावर बाकं सरकवतात का, शेजारी पंप आहे का, हे सकाळी अकराला कळत नाही.

मायक्रोफोन कोणता?

खोली फारशी चांगली नसेल तर डायनॅमिक. कंडेन्सर हा जास्त संवेदनशील प्रकार सुंदर असतो, पण तो पंखा, खुर्चीची कुरकुर आणि बाहेरची दुचाकी सगळं मन लावून ऐकतो. शुअर एसएम-५८ सारख्या साध्या मायक्रोफोनवर वर्षानुवर्षं केंद्र चालतं. एसएम-७बी घ्यायचा मोह झाला तर आधी मिक्सर (सगळे आवाज एकत्र करणारं यंत्र) तपासा. या मायक्रोफोनला ६० डेसिबलच्या आसपास वर्धन (आवाज वाढवणं) लागतं, आणि स्वस्त मिक्सर तिथवर पोहोचताना खरखरू लागतो.

तोंडापासून मूठभर अंतर आणि मायक्रोफोन थोडा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा झोत थेट पडत नाही. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र तितकाच राहतो. पाहुणे नेहमी मागे रेलतात. मायक्रोफोन हलत्या दांडीवर ठेवा आणि पाहुण्याला नव्हे, दांडीला पुढे आणा.

स्टुडिओत आवाज स्वच्छ आहे, हवेत ‘स’ आणि ‘च’ फाटतात. का?

एफएममध्ये वरचे सूर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि रेडिओ संच ते पुन्हा उतरवतो. हे वाढवणं जगाच्या बऱ्याच भागात ५० मायक्रोसेकंदाचं आहे, अमेरिका खंडात ७५ चं (कुठल्या सुरापासून वाढवायचं ते या आकड्यावर ठरतं). ५० मायक्रोसेकंदाला १० किलोहर्ट्झवर सुमारे १० डेसिबलची भर पडते. म्हणजे मिक्सरच्या काट्यावर निरुपद्रवी दिसणारा ‘स’ ट्रान्समीटरपाशी कमाल विचलनाला (आवाजाने फ्रिक्वेन्सी जास्तीत जास्त जेवढी हलू द्यायची त्या मर्यादेला), ७५ किलोहर्ट्झला, जाऊन आदळतो.

आधी हे वाढवणं प्रोसेसर (ट्रान्समीटरआधी आवाज आवरणारं यंत्र) आणि ट्रान्समीटर दोन्हींत चालू नाही ना ते पाहा. एकाच ठिकाणी हवं. दोन्हीकडे चालू असेल तर सगळं केंद्रच कर्कश वाटतं. मग प्रोसेसरमधली किंमत तुमच्या देशाच्या मानकाशी जुळते का ते पाहा. तरीही फाटत असेल तर निवेदकाच्या चॅनलवर ६ ते ८ किलोहर्ट्झला हलका डी-एसर (‘स’कार दाबणारी सोय) लावा. सगळ्यांना सरसकट लावू नका, काहींचा ‘श’ नाहीसा होतो.

ध्वनिमुद्रणाची पातळी किती ठेवायची?

बोलताना शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलपर्यंत, पूर्ण डिजिटल मापावर (शून्य म्हणजे कमाल, त्यापुढे आवाज फाटतो). तयार कार्यक्रम सगळे एकाच ध्वनिजोरावर आणा. युरोपीय प्रसारण मानक उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या ध्वनिजोराचं एकक) सांगतं, पॉडकास्टसाठी उणे १६ रूढ आहे. कोणताही एक आकडा निवडा आणि भिंतीवर लावा. श्रोत्याला दर कार्यक्रमाला आवाज कमी-जास्त करावा लागला तर तो केंद्र बदलतो.

फोनवरच्या पाहुण्याला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो.

त्याला त्याचाच आवाज परत पाठवला जातोय. पाहुण्याला सगळं ऐकू जायला हवं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज सोडून. याला मिक्स-मायनस म्हणतात.

साध्या मिक्सरवर एक ऑक्स वाट (मुख्य आउटपुटहून वेगळं मिश्रण बाहेर काढणारी) यासाठी राखून ठेवा. त्या ऑक्सची बटणं निवेदकाच्या, दुसऱ्या पाहुण्याच्या आणि संगणकाच्या चॅनलवर उघडा, फोनच्या चॅनलवर शून्य. त्या ऑक्सचं आउटपुट फोनच्या इनपुटला द्या, मुख्य आउटपुट नव्हे. दोन फोन असतील तर दोन ऑक्स लागतात आणि प्रत्येकात दुसरा फोन उघडा. ऑक्स प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या (चॅनलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या पट्टीच्या) आधी, ठेवला तर फेडर खाली असतानाही पाहुण्याशी बोलता येतं. सोयीचं आहे, पण गाणं चालू असताना स्टुडिओत पाहुण्याबद्दल जे बोलाल तेही त्याला ऐकू जातं!

इंटरनेटवरच्या कॉलमध्ये ॲपचं आवाज-शुद्धीकरण पाहुण्याकडे चालू राहू द्या, तुमच्याकडचं बंद करा. नाहीतर तुम्ही ऐकवलेलं संगीत ते गोंगाट समजून खातं.

५० हर्ट्झची घुमघुम जात नाही.

एकेक तार काढत जा आणि कुठली काढल्यावर थांबते ते पाहा. बहुतेकदा संगणक आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर असतात आणि मधली तार असंतुलित (एकच संकेत-तार आणि जाळी असलेली) असते. दोघांना एकाच पट्टीवर आणा, संतुलित तार (दोन संकेत-तारा आणि जाळी असलेली) वापरा, तरी राहिली तर मध्ये विलगक ट्रान्सफॉर्मर टाका. प्लगची भूसंपर्काची पिन काढणं हा उपाय नव्हे. घुमघुम जाईल, आणि एखाद्या दिवशी माणूसही.

केंद्र अचानक गप्प होतं आणि तासाभराने कोणीतरी कळवतं.

शांतता ओळखणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर बसवा. पातळी उणे ४० डेसिबलखाली सलग २० ते ३० सेकंद गेली की पर्यायी स्रोत चालू व्हावा आणि जबाबदार माणसाला संदेश जावा. संथ आलापी वाजवत असाल तर उणे ४५ ठेवा, नाहीतर आलापाच्या ऐन भरात जिंगल सुरू होईल.

पर्यायी स्रोतावर बदल करणारं उपकरण ट्रान्समीटरच्या शक्य तितकं जवळ बसवा. स्टुडिओत बसवलं तर स्टुडिओ-ट्रान्समीटर दुवा तुटल्याचं त्याला कळतच नाही. संदेश पाठवणारं दुसरं उपकरण मात्र रेडिओ संच लावून हवेतलं प्रसारणच ऐकत बसलेलं हवं.

पर्यायी स्रोत म्हणजे छोटा संगणक आणि त्यावर सहा तासांचा मजकूर. त्यात ‘शुभ सकाळ’, तारीख, हवामान काहीही नको, केंद्राची ओळख मात्र हवी. महिन्यातून एकदा मुद्दाम मुख्य तार काढून चाचणी घ्या.

प्रसारणाच्या संगणकावर स्वयंचलित अद्ययावतीकरण बंद करा आणि सूचनांचे आवाज वेगळ्या ध्वनिकार्डाकडे वळवा. संदेशाची ‘टिंग’ हवेत जाणं हे हौशी केंद्राचं पहिलं लक्षण. स्वयंचलनासाठी रिव्हेंडेल किंवा लिब्रेटाइम ही मुक्त सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. कुठलंही घ्या, पण ते समजणारी दोन माणसं केंद्रात हवीत.

वीज गेली तर?

ट्रान्समीटर, मिक्सर आणि एक संगणक मिळून ६०० वॉट धरा. दोन तासांसाठी १२०० वॉट-तास लागतात. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करायची नाही हे धरलं की गरज सुमारे २८०० वॉट-तासांवर जाते, म्हणजे १२ व्होल्ट, १२० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या. वातानुकूलन यात जोडू नका.

इंटरनेटवरही ऐकवायचं आहे.

आइसकास्ट सर्व्हर आणि ९६ किलोबिटचा एएसी (आवाज दाबून लहान करणारी पद्धत) प्रवाह बोलण्याला व गाण्यांना पुरतो. एकाच वेळी १०० श्रोते म्हणजे ९.६ मेगाबिट, एक श्रोता तासाला सुमारे ४३ मेगाबाइट घेतो. सर्व्हर विद्यापीठाच्या जाळ्याबाहेर ठेवा. निकालाच्या दिवशी ते जाळं आधीच गुदमरलेलं असतं. प्रवाह काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असतो, म्हणून वेळ सांगताना सेकंद मोजू नका.

गाणी वाजवायला परवानगी लागते का? आम्ही तर नफा कमवत नाही.

लागते. साधारणपणे गीत-संगीत रचनेचा हक्क वेगळा आणि त्या ध्वनिमुद्रणाचा वेगळा असतो. हवेत वाजवणं, इंटरनेटवर वाजवणं आणि पॉडकास्ट म्हणून साठवून ठेवणं या तीन वेगळ्या परवानग्या असू शकतात. म्हणून मुलाखतीचं संपूर्ण ध्वनिमुद्रण संकेतस्थळावर टाकताना मधली गाणी काढलेली आवृत्ती वेगळी ठेवा. विद्यापीठाच्या संगीत विभागाचं ध्वनिमुद्रण वापरणार असाल तर वादक-गायकांची लेखी संमती त्याच दिवशी घ्या. ते उत्तीर्ण होऊन गेल्यावर शोधत बसावं लागतं.

प्रसारणाचं ध्वनिमुद्रण ठेवायचं का?

हो, चोवीस तास, आणि तुमच्या परवान्यात सांगितलेल्या मुदतीइतकं तरी. ६४ किलोबिट मोनो एमपी-३ म्हणजे दिवसाला सुमारे ७०० मेगाबाइट, ९० दिवसांना ६३ गिगाबाइट. एवढ्या स्वस्तात तक्रारीला दुसरं उत्तर मिळत नाही.

प्रशासनाकडून ‘हा कार्यक्रम नको’ असा फोन आला तर?

फोन येणारच, म्हणून उत्तर आधी लिहून ठेवा. केंद्राच्या सनदेत, म्हणजे लेखी नियमावलीत, चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाला, किती वेळात आणि कारण कुठे नोंदवायचं, चूक दुरुस्त कशी करायची, आणि ज्याच्यावर टीका झाली त्याला उत्तराची संधी कधी द्यायची. अधिकार संपादकीय समितीकडे असावा. तिच्यात अध्यापक, विद्यार्थी, कर्मचारी आणि परिसरातले रहिवासी असावेत, एकाही गटाला बहुमत नको. फोन उचलणाऱ्या निवेदकाने एवढंच म्हणायचं, “सर, कृपया लेखी पाठवा, समितीसमोर ठेवतो.” बहुतेक मागण्या या वाक्यावर थांबतात.

उलट बाजूही सांभाळा. केंद्र विद्यापीठाचं मुखपत्र नाही, तसं एका विद्यार्थी गटाचंही नाही. निवडणुकीच्या काळात उमेदवार असलेल्या स्वयंसेवकाने मायक्रोफोनपासून दूर राहायचं.

पैसे कुठून येतात?

श्रोत्यांच्या वर्गणीवर केंद्र चालू शकतं हे बर्कलीच्या केपीएफए केंद्राने १९४९ पासून दाखवलं आहे. छोट्या केंद्राला मात्र विद्यापीठाचं अनुदान, वर्गणी आणि प्रायोजकांची नामोल्लेखी मदत असे तीन पाय लागतात. कोणताही एक पाय अर्ध्याहून मोठा झाला की त्याचा शब्द जड होतो. नामोल्लेखात नाव आणि काम सांगा, ‘सर्वोत्तम’ किंवा ‘आजच भेट द्या’ नको. अंदाजपत्रकात लोक ट्रान्समीटर धरतात आणि मनोऱ्याची रंगरंगोटी, बॅटऱ्या बदलणं, संगीत हक्कांचं वार्षिक शुल्क विसरतात.

परीक्षा आणि सुट्टीत काय करायचं?

परीक्षेआधी सहा आठवड्यांपासून प्रत्येक चमूने दर आठवड्याला एक जादा, कालनिरपेक्ष भाग मुद्रित करायचा. सहा आठवड्यांचा साठा तयार होतो. श्रुतिका, ग्रंथालयातल्या जुन्या नकाशांवरची मालिका, संशोधकांच्या मुलाखती यांसाठी हा काळ उत्तम.

जाणारी तुकडी हाच खरा धोका. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी परीक्षेआधी दोन महिने जबाबदारीतून मोकळे करा आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी फक्त शेजारी बसायचं, हात लावायचा नाही. संकेतशब्द व्यक्तीच्या नव्हे, पदाच्या नावाने ठेवा. मिक्सरच्या प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी लावा. ‘केंद्र बंद पडलं तर’ हे एक पान ट्रान्समीटरच्या दारावर चिकटवा आणि ते कधीही न पाहिलेल्या माणसाकडून वाचून करवून घ्या. तो जिथे अडेल तिथे पान चुकलं आहे.

किती जण ऐकतात ते कसं कळणार?

एफएमचे श्रोते मोजणारं काही यंत्र नाही. प्रवाहाचे आकडे फक्त इंटरनेटचे. वर्षातून एकदा यादीतून चिठ्ठी काढून निवडलेल्या सुमारे ४०० लोकांना पाच प्रश्न विचारा. तेवढ्या नमुन्यात उत्तर पाच टक्के इकडेतिकडे मिळतं. फाटकात उभं राहून दिसेल त्याला विचारलं तर हा हिशेब लागू होत नाही. ‘केंद्र आवडतं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘काल ऐकलं का, किती वाजता?’ असं विचारा.

‘ऑन एअर’ दिवा खरंच लागतो का?

लागतो, पण हाताने लावायचा नव्हे. मायक्रोफोनचा फेडर उघडताच दिवा लागावा आणि त्याच वेळी स्टुडिओतले स्पीकर बंद व्हावेत, असं जोडा. स्पीकर चालू राहिले तर शिट्टी सुरू होते. एक दिवा दाराबाहेर, एक निवेदकासमोर. बाहेरचा दिवा बघून लोक थांबतात, आतला बघून निवेदक.